शेऱ्याच्या रकान्यात

"किलोमीटर नका सांगू, टाइम सांगा."

हे वाक्य म्हणताना ते उजव्या हाताचा पंजा समोरच्याच्या तोंडापुढे उभा धरायचे, चौकात गाड्या अडवणाऱ्या हवालदारासारखा. समोर नवा डॉक्टर असो, तालुक्याचा पुढारी असो, नाहीतर माझ्यासारखी आठवड्यापूर्वी रुजू झालेली सांख्यिकी सहायक असो, पंजा सगळ्यांना सारखाच. मी त्यांना पहिल्यांदा विचारलं होतं, "घनसावंगी इथून किती किलोमीटर?"

पंजा वर आला. "मॅडम, टाइम इचारा. उन्हाळ्यात येगळा, पावसाळ्यात येगळा, उसाच्या गाड्या चालू झाल्या की आणखी येगळा. तुम्हाला कोणता पायजे?"

मी मुकाट्यानं वही मिटली.

आरोग्य खात्याच्या आमच्या कार्यालयात ते जीपचे ड्रायव्हर होते. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना चाचा म्हणत. उंचपुरे, मेंदी लावलेली आखूड दाढी, खाकी शर्टाची कॉलर कायम कडक. त्याआधी वीस वर्षं त्यांनी गोदाकाठच्या गावांसाठी असलेली अँब्युलन्स चालवली होती. खड्ड्यांनी पाठ धरली म्हणून त्यांना कार्यालयाच्या जीपवर आणलं होतं. जालना जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षी त्यांची नोकरी सुरू झाली. "जिल्हा आणि मी एकाच साली सरकारी झालो," असं ते म्हणायचे. "त्याला प्रमोशन न्हाई, मलाबी न्हाई."

त्यांचं शिक्षण उर्दू शाळेत सातवीपर्यंत झालेलं. मराठी बोलायला फर्डे, लिहायला मात्र नाखूश. दुपारी जीपच्या सावलीत बसून उर्दू पेपर वाचायचे आणि त्यातल्या बातम्या आम्हाला मराठीत सांगायचे, मध्ये मध्ये स्वतःची मतं घालून. बातमी कुठं संपली आणि चाचा कुठं सुरू झाले, हे कुणालाच कळत नसे.

एकदा एका बदलून आलेल्या अधिकाऱ्यानं त्यांना जीप घेऊन मंडईत भाजी आणायला पाठवायचं ठरवलं. चाचांनी नकार दिला नाही. लॉगबुक उघडलं, पेन काढलं आणि अतिशय अदबीनं विचारलं, "साहेब, प्रवासाच्या कारणात काय लिहू? मेथी का पालक?"

पुन्हा त्या जीपमधून भाजी आली नाही.

हे सगळं सांगायचं ते त्या अहवालामुळं. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. सरकारनं एकट्यानं दवाखाने बांधण्यापेक्षा खाजगी भागीदार घ्यावा, जागा सरकारची, इमारत आणि यंत्रं त्याची, गरिबांसाठी काही खाटा राखीव, असं वरच्या पातळीवर घाटत होतं. आमच्या जिल्ह्यात हे जमेल का, याचा अभ्यास करायला मुंबईहून एका सल्लागार कंपनीचा तरुण अधिकारी आला. त्याला माहिती पुरवायचं काम माझ्याकडं आणि फिरवायचं काम चाचांकडं आलं.

मुलगा वाईट नव्हता, हे मला आधीच सांगितलं पाहिजे. हुशार होता, नम्र होता, चहा आणणाऱ्यालाही थँक्यू म्हणायचा. त्याच्याकडं जिल्ह्याचा मोठा नकाशा होता. त्यानं एमआयडीसीजवळच्या मोकळ्या जागेवर टाचणी टोचली आणि कंपासनं एक भलंमोठं वर्तुळ काढलं. तिथं कारखाने आहेत, कामगार आहेत, शहर आहे, म्हणजे भागीदाराला दवाखाना परवडेल. वर्तुळातलं प्रत्येक गाव तासाभरात तिथं पोचेल. गोदाकाठच्या गावांसाठी एका वेगळ्या दवाखान्याची मागणी कित्येक वर्षं पडून होती. ती गावंही वर्तुळात येत होती. म्हणजे तो दवाखाना आता लागणार नव्हता.

चाचा दारात उभे राहून नकाशा बघत होते. जवळ आले आणि वर्तुळाच्या कडेला, नदीच्या निळ्या रेघेशेजारी, बोट ठेवलं.

"हे गाव एका तासात?"

"सरासरी वेगानं, हो," तो म्हणाला.

"कोण्या महिन्यात?"

त्याला प्रश्न कळला नाही. आमच्या साहेबांनी चाचांना डोळ्यांनीच बाहेर जायला सांगितलं. ते गेले, पण जाताना पायातली चप्पल जरा जास्तच वाजली.

दौऱ्यासाठी तीन गावं ठरली होती. तिन्ही डांबरी रस्त्यावरची. भाद्रपद चालू होता, दोन दिवस पावसानं उघडीप दिली होती आणि सकाळचं ऊन छान पडलं होतं. मी मागं बसले होते, मुंबईचा अधिकारी पुढं. पहिलं गाव झालं. दुसऱ्या गावाच्या आधी एक फाटा लागतो, तिथं चाचांनी ब्लिंकर दिला आणि जीप डावीकडं कच्च्या रस्त्याला घातली.

मी म्हटलं, "चाचा, आपल्याला सरळ जायचंय."

"मालूम आहे, मॅडम. म्हणूनच वळलो."

"वर विचारावं लागेल."

"मंग इचारा. इथून फोन लागत न्हाई."

मुंबईच्या अधिकाऱ्यानं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. खरं सांगते, मला भीतीही वाटत होती आणि आतून कुठंतरी मजाही वाटत होती.

काळ्या मातीचा रस्ता तुम्ही पावसाळ्यात पाहिला असेल तर मी वेगळं काय सांगू. माती चाकाला धरते आणि सोडत नाही. दोनदा आम्ही दोघांनी उतरून जीप ढकलली. त्या मुलाचे बूट गेले ते गेलेच. मग एक नाला आला. नदीला मिळणारा, एरवी पाऊलभर पाणी असलेला. वरच्या अंगाला रात्री कुठंतरी पाऊस झालेला असणार, कारण आता तो दोन्ही काठ धरून तांबडा वाहत होता. पलीकडं गाव दिसत होतं. देवळाचा कळस, पिंपळ, पत्र्याची शाळा.

चाचांनी इंजिन बंद केलं. "घड्याळ बघा, साहेब. आता इथून पुढं सरासरी काढा."

पाणी उतरायला तीन तास लागले. त्या तीन तासांत अलीकडच्या शेतातून एक माणूस आला. चाळिशीचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. त्याचं घर पलीकडच्या गावात, शेत इकडं. तोही अडकलाच होता. चाचांना पाहून त्यानं दोन्ही हात जोडले आणि बांधावर त्यांच्या शेजारी येऊन बसला. मग त्या माणसानं मुंबईच्या अधिकाऱ्याला विचारलं, "तुमी डॉक्टर का?"

"नाही. दवाखाना कुठं बांधायचा ते बघायला आलोय."

"बरं," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "माझी मालकीण हितंच गेली. त्या तिथं बैलगाडी उभी व्हती आमची, पलीकडं. ही अशीच दुपार. चाचा निरोप मिळाल्या मिळाल्या गाडी घेऊन आल्ते. हितंच उभे व्हते, तुमी उभे हायेत तिथं. ते आमाला दिसत व्हते, आमी त्यांना दिसत व्हतो. मधी पाणी."

"मग?"

"मंग काय. चाचा दोनदा पाण्यात उतरले, दोनदा लोकांनी वढून काढलं. पाणी उतरलं तवर सगळं झाल्तं. बाळंतपण अडलं व्हतं."

चाचा उठून जीपकडं गेले आणि आरशावरचा चिखल पुसायला लागले. आरसा लख्ख झाला तरी पुसत राहिले. त्या मुलानं आपल्या वहीत काहीतरी लिहायला घेतलं, मग वही मिटून पिशवीत ठेवली. पाणी उतरेपर्यंत तो त्या माणसाशेजारी चिखलातच बसून राहिला.

संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा साहेब कार्यालयाच्या पायरीवर उभे होते. दुसऱ्या दिवशी चाचांच्या हातात नोटीस पडली. नियोजित मार्ग सोडून शासकीय वाहन अन्यत्र नेल्याबद्दल आपणावर कारवाई का करण्यात येऊ नये, याचा खुलासा करावा. चाचा कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"लिहा मॅडम, मी सांगतो. साधं लिहा." त्यांनी खुर्ची ओढली. "मी मार्ग सोडलेला न्हाई. मार्ग तिथंच होता, बाकीच्यांनी सोडला होता."

"चाचा, असं लिहिता येत नाही."

"का? खोटं आहे?"

"खोटं नाही. पण माफीचा एक शब्द घातला तर प्रकरण मिटेल. साहेबांनीच सांगितलंय."

त्यांनी पंजा वर केला. "माफी मागायची तर त्या गावात जाऊन मागू. साहेबांनाबी संगं घेऊ. जीप मी चालवतो."

मी लिहिलं. त्यांनी खाली उर्दूत लफ्फेदार सही केली. साहेबांनी तो खुलासा वाचला आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले, असं शिपायानं नंतर सांगितलं.

मुंबईचा अधिकारी दोन दिवसांनी माझ्याकडं आला. म्हणाला, एका दिवसाच्या अनुभवावर अहवाल लिहिता येत नाही, वरचे लोक मान्य करणार नाहीत. कुठल्या गावाहून पेशंट आणायला खरोखर किती वेळ लागतो, याची कुठं नोंद आहे का? मी म्हटलं, अँब्युलन्सची जुनी लॉगबुकं असतील.

ती असायला हवी तिथंच होती, अभिलेख कक्षाच्या मागच्या मांडणीवर, धुळीत. निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, गावाचं नाव, सगळं मराठी आकड्यांत नीट. आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. तो पानामागून पान उर्दूनं भरलेला होता. बारीक, तिरकी, एकमेकांना चिकटलेली अक्षरं, रकान्यात मावत नाहीत म्हणून समासात चढलेली.

मी चाचांना बोलावलं. त्यांनी पुस्तक हातात घेतलं आणि पहिल्यांदाच मला ते ओशाळलेले दिसले.

"हे काय लिहिलंय, चाचा?"

"काय न्हाई. जे झालं ते."

"मग उर्दूत का?"

"मराठीत लिहिलं असतं तर कोणीतरी वाचलं असतं," ते म्हणाले. "वाचलं असतं तर खोडायला लावलं असतं. उर्दू कोणी वाचत न्हाई, म्हणून राहिलं."

तीन दिवस आम्ही त्या खोलीत बसलो. ते वाचायचे, मी मराठीत लिहायची. कागदातून येणाऱ्या जुन्या वासानं मला शिंका यायच्या आणि ते प्रत्येक शिंकेला थांबायचे. 'रस्ता वाहून गेला, माणसांनी खाटेवर आणलं, मैलभर.' 'पोहोचलो, पण डॉक्टर सुट्टीवर. पुढं नेलं.' 'गाडीतच बाळ झालं, मुलगी, दोघी खुशाल.' ह्या शेऱ्यापुढं एक छोटं फूल काढलेलं होतं. अशी फुलं मी मोजली नाहीत, पण ती बरीच होती. काही पानांवर एकच शब्द असायचा. तिथं ते म्हणायचे, "हे राहू द्या, मॅडम," आणि पान उलटायचे. मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते मला मॅडमऐवजी बेटी म्हणाले. दोघांच्याही ते लगेच लक्षात आलं नाही.

अहवाल सादर करायची बैठक मोठ्या सभागृहात झाली. मुंबईहून खात्याचे वरिष्ठ आले होते. त्या मुलानं पडद्यावर आधी वर्तुळ दाखवलं. मग म्हणाला, "हे वर्तुळ मीच काढलंय आणि ते चुकीचं आहे." त्यानंतर त्यानं लॉगबुकातल्या वेळा आणि उशिराची कारणं दाखवली. तासाभराची गावं पावसाळ्यात चार तासांवर गेली होती, काही तर पलीकडेच राहिली होती.

वरिष्ठांपैकी एकानं विचारलं, "ह्या कारणांना आधार काय?"

"शेऱ्याचा रकाना, सर."

"तो तर उर्दूत दिसतोय. आणि ड्रायव्हरनं शेरे लिहायचे कुणाच्या परवानगीनं?"

चाचा बाहेर व्हरांड्यात होते. त्यांना आत बोलावलं. सभागृहात खुर्च्या होत्या, पण कुणी बस म्हणालं नाही, आणि तेही बसले नाहीत. पुस्तक उघडून त्यांनी खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. "नाले पे पानी. तीन घंटे रुके. औरत उस पार. हम इस पार." पान उलटलं. "गन्ने की ट्रॉली पलटी, रास्ता बंद. बूढ़ा गाड़ी में बैठा बैठा गुज़र गया. बेटे ने पूछा, और कितनी देर. मैंने झूठ बोला."

"ते ठीक आहे," वरिष्ठ म्हणाले, "पण मी परवानगीचं विचारलं."

"परवानगी हरेक पानावर आहे, साहेब. खाली बघा. डॉक्टर साहेबांची सही आहे."

पुस्तक हातोहात फिरत आमच्या साहेबांपर्यंत आलं. तरुणपणी काही वर्षं ते त्याच भागात वैद्यकीय अधिकारी होते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यांनी पान पाहिलं, मागची पानं पाहिली. मान खाली घालूनच म्हणाले, "ही सही माझी आहे. मला वाचता येत नव्हतं. पण सही माझीच आहे." मग म्हणाले, "मी ह्या नोंदी खऱ्या आहेत असं धरून चालतो. पुढं घ्या."

अहवालात शेवटी असं आलं: एमआयडीसीजवळ भागीदारीत दवाखाना जमू शकेल. गोदाकाठी कुठलाही खाजगी भागीदार येणार नाही, कारण तिथं त्याला परवडणार नाही, आणि नेमकं म्हणूनच तिथला दवाखाना सरकारनं स्वतः बांधला पाहिजे. एमआयडीसीजवळचं वर्तुळ ही त्याला पर्यायी सोय नाही. हे शेवटचं वाक्य काढून टाका असं त्या मुलाला दोनदा सांगण्यात आलं. त्यानं काढलं नाही. पुढं त्याचं त्या कंपनीत काय झालं, मला कळलं नाही.

एमआयडीसीजवळच्या दवाखान्यासाठी आलेला भागीदार वर्षभरानं निघून गेला आणि ती फाईल थंड पडली. त्या नाल्यावर आधी पूल झाला. दवाखाना कितीतरी वर्षांनी झाला, मागितला होता त्यापेक्षा लहान, पण झाला.

आणि चाचांना शिक्षाही झाली. सुरू झालेली कारवाई साहेबांना थांबवता आली नाही. एक वेतनवाढ रोखली आणि बदली केली भोकरदन तालुक्यात, राजूरच्या बाजूला. कार्यालयाची जीप काढून घेऊन पुन्हा अँब्युलन्स दिली. चाचांनी तो घडी घालून खिशात ठेवला.

"पाठीचं काय करणार?" मी विचारलं.

"पाठ माझी आहे, ती काय आदेशानं चालत न्हाई." ते हसले. "बेटी, यांना सजा देताबी येत न्हाई. अँब्युलन्स काय सजा आहे?"

चतुर्थीला मी एकदा राजूरला गेले होते. गणपतीच्या दर्शनाची रांग दुकानांच्याही पलीकडं गेली होती. गर्दीच्या कडेला, गाडीचं तोंड मोकळ्या रस्त्याकडं करून चाचा उभे होते. एक फुगेवाला गाडीपुढं बसला की ते त्याला उठवायचे, तो गेला की नारळवाला बसायचा, मग त्याला. दिवसभर ते तेवढंच करत होते. मला म्हणाले, "इथं उभं राहायला कोणी सांगितलं न्हाई. पण गर्दीत कोणी पडलं तर निघायला वाट पायजे."

निवृत्तीनंतर ते जुन्या जालन्यात मुलाकडं राहायचे. गोदाकाठच्या दवाखान्याचं उद्घाटन ठरलं तेव्हा पत्रिकेत त्यांचं नाव नव्हतं, माझंही नव्हतं. मी त्यांना न्यायला गेले. ते म्हणाले, "उद्घाटनाला मी जाऊन काय करू? हार घालायला मानसं बहोत आहेत. पहिलं बाळंतपण झालं की सांग."

झालं तेव्हा मी फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "मुलगी का मुलगा?" मी म्हटलं, "मुलगी." "बराबर," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यानंतर दोन वर्षांनी त्यांच्या छातीत पाणी झालं. मुलानं खाजगी दवाखान्यात न्यायची तयारी केली होती, पण ते ऐकेनात. "मी सरकारी मानूस आहे. दुसऱ्याला जन्मभर तिथं नेलं आणि माझी बारी आल्यावर दुसरीकडं जाऊ?" शेवटी सरकारी दवाखान्याच्या जनरल वॉर्डात खाट मिळाली. मी दुपारी भेटायला गेले तेव्हा तिथं वाद चालू होता. वॉर्ड भरलेला होता, आणि एक म्हातारा शेतकरी दोन खाटांच्या मधे जमिनीवर चादर टाकून पडला होता. चाचांनी त्याला उठवून आपल्या खाटेवर घेतलं होतं. सिस्टर म्हणत होत्या, "चाचा, एका खाटेवर दोन पेशंट चालत नाहीत. मोठ्या डॉक्टरांनी पाहिलं तर मला बोलतील."

"मंग माझ्याविरुद्ध लिहा," चाचा म्हणाले. आवाज क्षीण झाला होता, पण पंजा वर होता. "किंवा त्याला खाट द्या. दोन्ही जमत नसेल तर तुमी दुसरीकडं बघा, आमी झोपतो."

सिस्टरनी माझ्याकडं पाहिलं, मग खरंच दुसरीकडं पाहिलं. दोघं म्हातारे एकाचं डोकं एकीकडं, दुसऱ्याचं दुसरीकडं असे पडले होते. म्हातारा अंग चोरून अगदी कडेला गेला होता. चाचा त्याला म्हणत होते, "सरकून ये. खाट सरकारची आहे, माझ्या बापाची न्हाई."

तीन दिवसांनी सकाळी मी पुन्हा गेले तेव्हा वॉर्डाच्या दारातच सिस्टर भेटल्या. पहाटे गेले, म्हणाल्या. मुलगा घेऊन गेला. मी तशीच आत गेले, का ते सांगता येणार नाही. खिडकीशेजारची ती खाट आता कागदोपत्रीही त्या म्हाताऱ्याच्या नावावर झाली होती. त्याला झोप लागली होती. पूर्ण खाट त्याची होती, तरी तो एका कडेला अंग चोरून पडला होता, आणि उरलेली अर्धी खाट त्यानं मोकळी सोडली होती.